मूठ समोरच्याकडे

मक्याचं कणीस दुधात आलं की ते पिकवणाऱ्याच्या आधी रानडुकरांना कळतं. सुताराची बायको सकाळी खालच्या शेतात उतरली तेव्हा ओढ्याकडची कड आडवी झालेली होती. धाटं मोडलेली, कणसं अर्धी चावून टाकलेली आणि ओल्या मातीत खुरांचे खोल ठसे. डुकराचं खाणं पोटापुरतं असतं, तुडवणं मात्र मनसोक्त. ती थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग वाकून चावलेली कणसं गोळा करायला लागली, गुरांना तरी होतील म्हणून.

हे शेत कागदावर सासऱ्याचं होतं, पण गावात कुणालाही विचारलं असतं तर त्याने सुनेचं म्हणून सांगितलं असतं. ती या घरात आली तेव्हा तिथे दगड आणि काटेरी झुडपं सोडून काही नव्हतं. एकेक दगड उचलून तिने बांधावर रचला. पाठ धरली की थांबायची, पाठ सुटली की पुन्हा लागायची. नवरा सुतार, त्याचा दिवस लोकांच्या दारं-खिडक्यांत जायचा, त्यामुळे मदतीला सासू तेवढी. दोघींनी मिळून ते रान कसायला आणलं. आता तिथली माती बघून वीटभट्टीवाल्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. तो दोनदा येऊन चहा पिऊन गेला होता, आणि चहाबरोबर शेताची गोष्ट काढून गेला होता.

मागच्या वर्षीपर्यंत डुकरांची काळजी नव्हती. सासऱ्याकडे एकनळी बंदूक होती, पीक राखण्याच्या परवान्याची. कणसं भरायच्या दिवसांत तो रोज संध्याकाळी ओढ्याच्या काठावर उभा राहायचा, बिनछऱ्यांचं काडतूस भरून एक फैर झाडायचा आणि घरी यायचा. नुसत्या आवाजाने डुकरं दूर राहायची. म्हाताऱ्याने उभ्या जन्मात एकही डुक्कर मारलं नव्हतं. हे तो आपणहून सांगत नसे, कुणी विचारलं तर मिशीला हात लावत असे. गाव त्याला फैरीबाबा म्हणायचं, आणि बायका त्याच्या आवाजावर चूल पेटवायच्या.

त्याच्या घरी येण्याचीही एक रीत पडून गेलेली होती. म्हातारी दारात उभी असायची. तो बंदूक वळवून दस्ता, म्हणजे मागची लाकडी मूठ, तिच्या हातात द्यायचा, ती आत जाऊन बंदूक खुंटीला लावायची आणि मग म्हणायची, हात धुवून घ्या, वाढते. मुलगा तोवर उठून अंगणात गेलेला असायचा, हात धुवायला. सुताराचे हात, भुशाने भरलेलेच असणार. त्यात कुणाला काही वेगळं दिसलं नाही.

यंदा परवान्याचं नूतनीकरण आलं आणि डॉक्टरने म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढे बोटं धरली. एक डोळा शस्त्रक्रियेनंतरही धुरकटच राहिलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू उतरत होता. म्हाताऱ्याने बोटांचा आकडा अंदाजाने सांगितला आणि तो चुकला. बंदूक ठाण्यात जमा झाली. ठाण्यातल्या कारकुनाने समजावलं की घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर परवाना होऊ शकतो, पण आता नियम बदललाय, आधी सुरक्षिततेची परीक्षा द्यावी लागेल. या महिन्यात एक परीक्षा आहे. तीत उतरलं नाही तर पुढची परीक्षा सुगी झाल्यावर, आणि तोवर ही बंदूक सरकारी गोदामात गेलेली असेल. गोदामातून काही परत आलेलं त्याने तरी पाहिलं नव्हतं.

म्हातारा घरी आला तो सरळ ओट्यावर बसला आणि म्हणाला की बंदूक गेली तर खालचं शेत ठेवण्यात अर्थ नाही. डुकरांसाठी मका पेरायचा असेल तर त्यापेक्षा भट्टीवाल्याची माती बरी. तो हे रागाने बोलला नाही. रागाने बोलला असता तर सुनेला एवढं लागलं नसतं.

सगळ्यांनी सुताराकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तो बंदुकीला हात लावणार नव्हता. हे तो दर वेळी सांगत आला होता आणि दर वेळी बाप त्याला म्हणत आला होता की करवत धरणारा हात आणि काळीज मात्र उंदराचं. या वेळीही म्हणाला. सुतार उठला आणि कामाच्या पडवीत जाऊन रंधा मारायला लागला.

तेव्हा सून म्हणाली, "मी देते परीक्षा."

म्हातारा आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याशिवाय कुणीच हसत नाहीये.

*

शिकवायला मात्र तो असा बसला की जणू जन्मभर त्याच कामाची वाट बघत होता. बंदूक ठाण्यात, म्हणून फावड्याचा दांडा काढून घेतला. सकाळची धार झाली की अंगणात शाळा भरायची. म्हातारा ओट्यावर, सून दांडा घेऊन समोर, आणि सासू कोपऱ्यात काहीतरी निवडत. म्हाताऱ्याला सून धूसर दिसायची, पण पावलांच्या आवाजावरून तो चूक धरायचा.

बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, रिकामी असली तरी. बोट चापाच्या बाहेर, मनात मारायचं नक्की होईपर्यंत. नळी माणसाकडे नाही, गुराकडे नाही, घराकडे नाही. कुंपण ओलांडायचं तर काडतूस काढून बंदूक आधी पलीकडे आडवी ठेवायची, मग आपण. धावायचं नाही. काडतुसं एका जागी, बंदूक दुसऱ्या जागी, दोन्हींना कुलूप. सून खुरपताना हे सगळं पुटपुटायची आणि सासू पलीकडच्या ओळीतून चुकलेलं सांगायची. सासूलाच ते आधी पाठ झालं होतं. एकदा सून म्हणाली की आई, तुम्हीच बसा परीक्षेला. सासू म्हणाली की बसले असते, पण वाकून खुरपून बसताच येत नाही आता.

दिवस असे चालले होते. सकाळी गुरं, मग शाळा, मग शेत. दुपारी ऊन असं पडायचं की विळ्याची मूठ हाताला चटका द्यायची. संध्याकाळी दोघी पत्र्याचे डबे घेऊन बांधावर फिरायच्या आणि ओरडायच्या. डुकरं पहिल्या दिवशी बिचकली, दुसऱ्या दिवशी जरा लांब उभी राहून ऐकत बसली. आठवड्याच्या शेवटी सुनेचा आवाज बसला. बाजारात तिला भाव विचारता येईना, बोटाने दाखवावं लागलं, आणि भाजीवाल्याने ती मुकी समजून जास्त भाव लावला.

परीक्षेच्या आधी मैदानावर एक सरावाचा दिवस होता. त्या दिवशी ती धुतलेले कपडे घालून पहाटेच्या गाडीने गेली. मैदान म्हणजे एका टेकडीच्या पोटात खणलेली जागा, समोर मातीची भिंत, कडेला पत्र्याची शेड. वीसेक पुरुष होते आणि ती. पुरुषांनी तिला बसायला बाक दिला आणि नंतर त्या बाकाकडे कुणी फिरकलं नाही. शिकवणारा हवालदार जाडा, घामेघूम, पण कुचका नव्हता. त्याने प्रश्न विचारले. बाकीचे अडखळत होते, ती बसलेल्या आवाजात का होईना, धडाधड सांगत गेली. एकाने तर मागून हळूच विचारलं की पुढचं उत्तर काय. तिला बरं वाटलं. खरं सांगायचं तर जरा जास्तच बरं वाटलं.

मग हवालदाराने सरावाची बंदूक तिच्या हातात दिली. बोजा ओळखीचा वाटला, फावड्याच्या दांड्याहून थोडा जड. ती चालली, थांबली, कुंपण म्हणून बांधलेली दोरी ओलांडली. सगळं नीट झालं. शेवटी हवालदाराने हात पुढे केला आणि म्हणाला, द्या इकडे.

तिने बंदूक वळवली आणि दोन्ही हातांनी, अदबीने, दस्ता त्याच्यापुढे धरला.

हवालदाराने बंदूक घेतली नाही. तो दोन पावलं बाजूला झाला.

"बाई," तो म्हणाला, "नळी कुठे आहे बघा."

तिने खाली पाहिलं. नळी तिच्याच पोटाला टेकलेली होती.

मागे कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. घरी कंटाळली असेल बिचारी, असंही एक जण म्हणाला. हवालदाराने त्यांना गप्प केलं आणि तिला सांगितलं की बंदूक कधीही मिटलेली द्यायची नाही. आधी नळी जोडापाशी झुकवून ती उघडायची. काडतुसाचं घर रिकामं आहे ते स्वतः बघायचं, घेणाऱ्याला दाखवायचं, आणि उघडी असतानाच, नळी जमिनीकडे लोंबत असताना द्यायची. परीक्षेत हे चुकलं तर बाकी सगळं बरोबर असूनही तिथल्या तिथे नापास. तिने मान हलवली. कान इतके तापले होते की निम्मं ऐकूच आलं नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली आणि सारखा पोटावर हात ठेवत राहिली.

*

घरी तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. लपवायचा तिचा स्वभाव नव्हता. म्हातारा भडकला, पण तिच्यावर नाही, हवालदारावर. हत्यार देताना मूठ समोरच्याकडे, ही माणसाची रीत आहे, म्हणाला. विळा द्यायचा, मूठ त्याच्याकडे. कुऱ्हाड द्यायची, दांडा त्याच्याकडे. धार आपण आपल्याकडे ठेवायची. दुसऱ्याकडे धार करून देणाऱ्याला आईबापांनी काही शिकवलंच नाही असं समजावं. मी जन्मभर अशीच दिली बंदूक, काही झालं का?

सुनेला हे पटत होतं, हीच तर अडचण होती. लहानपणी एकदा तिने बापाला विळा पात्याकडून दिला होता. त्याने नुसता हात मागे घेतला होता आणि तिने विळा फिरवून देईपर्यंत तसाच उभा राहिला होता. तेव्हापासून तिचा हात कधी चुकला नव्हता. आता त्या हाताला काय सांगायचं?

सुतार ताटावरून अर्ध्यात उठला आणि अंगणात गेला.

दुसऱ्या दिवसापासून तिने हाताशी भांडण मांडलं. दांडा घ्यायची, कुणी हात पुढे केला की थांबायची, आणि तरी हात वळायचाच. म्हातारा म्हणायचा, जित्याची खोड. तिने मग ठरवलं की दिवसभरात काहीही देताना विचार करून द्यायचं. पळी, झाडू, खुरपं, काहीही. डोकं त्यातच राहिलं. आणि व्हायचं ते झालं. बांधावर गवत कापताना सासूने न बघता हात मागे केला आणि सुनेने विळा दिला, पातं पुढे करून.

सासूने हात मिटला आणि उघडला तेव्हा तळवा लाल झाला होता. जखम खोल नव्हती, पण आडवी होती. सुनेने कपडा फाडून बांधला. शेवटची गाठ सासूनेच दातांनी ओढली. सून रडायला लागली. रडता रडता म्हणाली की नको मला परीक्षा, जाऊ दे शेत, विटा होऊ देत त्याच्या.

सासूने तिला रडू दिलं. मग म्हणाली की एका हाताला दोन रीती शिकवल्या की तो असाच बावचळतो. विळ्याची रीत आहे ती चांगली आहे, ती मोडू नकोस. बंदुकीची निराळी असेल तर निराळी शीक. पण फावड्याच्या दांड्यावर ती कशी यायची? दांडा दांड्यासारखाच हाताला लागणार.

हेच सासूने संध्याकाळी हात दाखवत घरातही बोलून दाखवलं. म्हाताऱ्याने फावड्याचा दांडा उचलून कोपऱ्यात ठेवून दिला. सुतार आईच्या हाताकडे बराच वेळ बघत होता. मग त्याने बायकोला पडवीत बोलावलं.

पडवीत लाकडाच्या सालीचा आणि डिंकाचा वास होता. त्याने कपाटाच्या उरलेल्या फळ्या काढल्या, हाताने लांबी बघितली आणि रेघ ओढली. मोजपट्टी नाही, बापाला विचारणं नाही. दस्ता किती, नळी किती, कुठे जोड येतो, चापाची कडी केवढी, त्याला सगळं ठाऊक होतं. जी वस्तू त्याने कधी हातात धरली नव्हती ती त्याने अंदाजाने नव्हे, आठवणीने कापली. जोडाच्या जागी दाराची बिजागरी बसवली आणि वर एक लाकडी खिटी. खिटी दाबली की नळी खाली झुकायची, उचलली की खट् करून बसायची. पाण्याच्या नळाचा एक तुकडा नळीत ठोकला, म्हणजे आरपार दिसावं.

तिने विचारलं की तुम्हाला हे सगळं कसं माहीत.

तो कानस मारत राहिला. मग म्हणाला, "रोज संध्याकाळी बाबा आईच्या हातात बंदूक द्यायचे. नळी बाबांच्या पोटाशी, आणि आईचं बोट कुठे असेल त्याचा नेम नाही. मी आईचं बोट बघत बसायचो. लहान होतो तेव्हापासून. मग एक दिवस बघवेना, तेव्हा अंगणात जायला लागलो."

"हात धुवायला?"

"हात कसले धुतोय. आवाज होतो का ऐकत उभा राहायचो."

इतकी वर्षं ती त्याच्यासाठी अंगणात पाण्याची बादली भरून ठेवत होती. ती त्याच्याजवळ खाली बसली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने लाकडी बंदूक उचलली, खिटी दाबून उघडली, घरात डोकावून बघितलं, तिलाही दाखवलं, आणि नळी जमिनीकडे ठेवून तिच्या हातात दिली. कुणी न शिकवता.

तिथून तिचं काम सोपं झालं. बिजागरी होती ना. दांडा वळवता येतो, पण ही वस्तू आधी उघडावी लागायची, आणि उघडली की वळवायला काही उरायचंच नाही. नळी आपोआप खाली. सुतार काम करता करता मध्येच हात पुढे करायचा. सासू बांधलेला हात पुढे करायची. म्हातारा मुद्दाम ओरडून मागायचा, घाई करायचा, शिव्या द्यायचा. ती खिटी दाबायची, बघायची, दाखवायची, द्यायची. विळा मात्र पूर्वीसारखा मूठ पुढे करूनच द्यायची. दोन्ही रीती दोन जागी बसल्या.

तोवर डुकरांनी आणखी चार ओळी संपवल्या होत्या.

*

परीक्षेच्या दिवशी सुतार तिच्याबरोबर गेला. मैदानाच्या फाटकाशी तो थांबला आणि म्हणाला की मी इथेच आहे. तेवढंही त्याला पुष्कळ होतं, हे तिला माहीत होतं.

परीक्षा घेणारे साहेब बारीक, चष्मेवाले, आणि त्यांना सर्दी झालेली. शेडमध्ये टेबल टाकून बसले होते. दर दोन प्रश्नांनी रुमाल काढायचे. तोंडी प्रश्न झाले, चालणं झालं, कुंपण झालं, काडतूस भरणं आणि काढणं झालं. मातीच्या भिंतीकडे एक बार काढायचा होता. खांद्याला धक्का बसला, कान वाजला आणि दारूचा वास आला. तोच वास, जो सासऱ्याच्या कपड्यांना यायचा आणि जो धुताना तिला कधी आवडला नव्हता. आज आवडला. काडतुसाचं रिकामं नळकांडं काढून तिने बंदूक पुन्हा मिटली.

मग साहेबांना शिंक आली. त्यांनी रुमालात तोंड घातलं, दुसऱ्या हाताने कागदावर काहीतरी लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता, तिच्याकडे न बघता, दुसरी शिंक आवरत, रुमाल टाकून डावा हात पुढे केला. आणा, म्हणाले.

काम करणारा माणूस न बघता हात मागतो, तसाच अगदी. बांधावर सासूने केला होता तसा. तिचा हात आपोआप वळायला निघाला. दस्ता थोडासा फिरलाही. तेवढ्यात तिला सासूचा तळवा दिसला, मिटलेला आणि उघडलेला. ती थांबली. नळी मातीच्या भिंतीकडे केली. उघडायचा खटका दाबला. नळी खाली झुकली. तिने घरात बघितलं. रिकामं होतं. साहेबांचा हात अजून तसाच पुढे होता.

"आधी बघा, साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी मान वर केली. त्यांना शिंक वगैरे काही आलेली नव्हती. त्यांनी चष्मा नीट केला, पुढे वाकून घरात बघितलं आणि मग बंदूक घेतली. जाडा हवालदार मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याने तोंडावर हात ठेवला, पण डोळे हसत होते. नंतर त्याने तिला सांगितलं की या शिंकेत आज सकाळपासून सात जण पडले, त्यातले दोन तर तिच्यावर हसलेले होते. साहेबांची सर्दी परीक्षेच्या दिवशीच असते, वर्षभर ठणठणीत असतात.

उत्तीर्ण हा शब्द तिने दोनदा वाचला. मग तिला एकदम बसावंसं वाटलं, आणि सरावाच्या दिवशी एकटी बसली होती त्याच बाकावर ती बसली. इतके दिवस छातीवर एक दगड होता, बांधावरच्या दगडांसारखाच, आणि तो कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. फाटकापाशी नवरा उभा होता. तिने लांबूनच मान हलवली. त्याने तिथेच खाली बसून बूट काढला आणि त्यात काही नसताना खडा झटकल्यासारखं केलं.

*

शिक्के आणि सह्या व्हायला आणखी काही दिवस गेले, पण बंदूक मक्याच्या आधी घरी आली. ज्या दिवशी आली त्याच दिवशी संध्याकाळी सून एकटी खालच्या शेतात गेली. ओढ्याच्या काठावर उभी राहिली. पलीकडच्या झुडपांत काहीतरी हललं. तिने बिनछऱ्यांचं काडतूस भरलं, आजूबाजूला बघितलं, मागे बघितलं, आणि फैर झाडली.

पलीकडे झुडपं फाटत गेली तसा आवाज झाला, आणि मग काहीच नाही. मक्याची पानं तेवढी वाजत राहिली. गावात कुणा एका म्हातारीने म्हणे चूल पेटवली आणि पेटवल्यावर तिच्या लक्षात आलं की फैरीबाबा तर आता जात नाही.

सून घरी आली तेव्हा दिवा लागलेला होता. म्हातारा ओट्यावर बसला होता, त्याने आवाजाची वेळ हेरलेली होती. बार थोडा लवकर काढलास, असं काहीतरी तो म्हणणार होता, पण म्हणाला नाही. सासू सवयीने दारात येऊन उभी राहिली होती आणि तिने सवयीने दोन्ही हात पुढे केले होते. तळव्यावरची जखम आता नुसती रेघ उरली होती. पडवीतला रंध्याचा आवाज थांबला.

सुनेने ओट्याच्या खालीच थांबून बंदूक उघडली. स्वतः बघितलं, सासूला दाखवलं.

"इकडे आण," म्हातारा म्हणाला. "मला बघू दे."

त्याला दिसणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. ती त्याच्यापुढे गेली, नळी जमिनीकडे ठेवून उघडी बंदूक त्याच्या गुडघ्याशी धरली. म्हाताऱ्याने चाचपत हात आणला आणि करंगळी घरात घातली. आत फिरवली. गार, गुळगुळीत, रिकामं. तो करंगळी तशीच ठेवून बसला.

मग त्याने बायकोला विचारलं की मी तुला कशी द्यायचो गं.

म्हातारीने सांगितलं. मिटलेली, दस्ता तिच्याकडे. आणि कधी कधी वाटेसाठी भरलेलं दुसरं काडतूस काढायचं राहिलेलं असायचं, ते ती आत गेल्यावर काढायची. तिने आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

म्हाताऱ्याचा दुसरा हात सावकाश त्याच्या पोटावर गेला. त्याने तो तिथेच ठेवला. थोड्या वेळाने तो हसला, आणि हसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाला, "म्हणजे मी रोज संध्याकाळी वाचलोय की."

सासूने उघडी बंदूक घेतली आणि आत नेली. काडतुसं सुनेने वेगळ्या पेटीत ठेवली, दोन्हींना कुलूप लावलं. आतून ताटांचा आवाज आला. सासू जन्मभराच्या सवयीने बाहेर बघून मुलाला म्हणाली की हात धुवून ये, वाढते.

सुतार पडवीच्या दारात उभा होता. सगळा वेळ तिथेच उभा होता, पण ते आत्ता कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. त्याने आपल्या हातांकडे बघितलं, ते मनगटापर्यंत भुशाने भरलेले होते.

"धुतो नंतर," तो म्हणाला, आणि बापाच्या शेजारी येऊन बसला.